गावणकरांचे आठ ठोके

गावणकरांचे ओठ सतत हलत असत. आमच्या कॉलनीत नव्याने राहायला आलेल्यांना वाटे, हा माणूस नामस्मरण करतो, आणि लोक आदराने बाजूला सरकत. एकदा लिफ्टमध्ये एका बाईंनी त्यांना विचारलंसुद्धा, कुठल्या महाराजांचं करता म्हणून. गावणकरांनी शांतपणे सांगितलं की लिफ्ट तळमजल्यापासून तिसऱ्यापर्यंत चौदा ठोके घेते, आज सोळा घेतले, तेव्हा सेक्रेटरींना ऑइलिंग करायला सांगा. त्या बाई पुढे बरेच दिवस जिन्याने जात होत्या.

वर्तकनगरात आमच्या आणि त्यांच्या इमारती समोरासमोर. मी बँकेत, कल्याणच्या शाखेत नोकरीला होतो, आणि हौस म्हणून तबला वाजवायचो. हौस हा माझा शब्द. गावणकरांचा शब्द वेगळा होता, तो पुढे येईलच.

वसंत गावणकर मूळचे मालवणकडचे. सगळी नोकरी त्यांनी आंबिवलीच्या एका कारखान्यात टाइमकीपर म्हणून काढली. भोंगा कधी वाजला, कोण किती वाजता आत गेला, कोण किती वाजता बाहेर आला, हे लिहिणं त्यांचं काम. कारखाना बंद पडला तसे ते घरी बसले, आणि बसल्या बसल्या एक दिवस कीबोर्ड वर्कस्टेशन घेऊन आले. लहानपणापासून पेटी वाजवायचे, पण हे प्रकरण पेटीच्या बरंच पुढचं होतं. या कीबोर्डात सिक्वेन्सर नावाची सोय असते. आपण वाजवलेलं ती लक्षात ठेवते, आणि बासरीवर ढोलकी, ढोलकीवर व्हायोलिन अशी एकावर एक सोळा वाद्यं एकट्या माणसाला रचता येतात. ज्यांना वादक परवडत नाहीत अशा गाणाऱ्यांना गावणकर असे ट्रॅक करून देत. शाळांची स्नेहसंमेलनं, भजनी मंडळं, हळदीचे कार्यक्रम, निवृत्तीचे समारंभ. ठाण्यापासून विठ्ठलवाडीपर्यंतचे गळे त्यांच्या आतल्या खोलीत येऊन गेले.

येणारा माणूस गायच्या तयारीने यायचा. गावणकर त्याला पॅसेजमध्ये चालायला पाठवायचे.

माइक नाही, पेटी नाही. गाणं गुणगुणत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. गावणकर दारात स्टूल टाकून बसत. घड्याळ ते मनगटाच्या आतल्या बाजूला बांधत, त्यामुळे ते पाहताना हात जोडल्यासारखे दिसत. पाच-सात फेऱ्या झाल्या की माणूस लाजायचं विसरायचा आणि आपल्या मूळ चालीवर यायचा. मग गावणकर एका लांबट वहीत त्याचं नाव लिहून पुढे एक आकडा टाकत. हा त्या गाण्याचा टेम्पो, म्हणजे मिनिटाला किती ठोके. यात सहज अर्धा-पाऊण तास जाई. आकडा ते गाणाऱ्याला कधीही सांगत नसत. "आकडा कळला की माणूस गाणं सोडून आकडा गातो," असं त्यांचं म्हणणं.

ते यंत्र सुरू केलं की पडद्यावर आपोआप एकशेवीसचा टेम्पो येतो. कारखान्यातून तो तसाच भरून येतो. गावणकरांचा त्या आकड्यावर राग होता. एकशेवीस हा कुणाच्याच चालण्याचा आकडा नाही, तो दुकानाचा आहे, असं ते म्हणत. नवशिका माणूस उत्साहात टेम्पो न लावता, मेट्रोनोमची टिकटिक बंद ठेवून, थेट रेकॉर्डचं बटण दाबतो. ऐकायला सगळं छान वाटतं. पण यंत्राने आपल्या हिशेबाने एकशेवीसच्या रेघा आखलेल्या असतात आणि गाणं भलत्याच चालीने गेलेलं असतं. मग त्यावर ढोलकी बसवायला गेलं की ती कुठेच बसत नाही, ध्रुवपद उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही, काहीच करता येत नाही. अशा रेकॉर्डिंगला गावणकर बेवारस म्हणत, आणि कुणी पेनड्राइव्हवर घेऊन आलं तर ऐकायच्या आधीच परत देत.

मी पहिल्यांदा गेलो तो बँकेच्या वर्धापनदिनाच्या गाण्यासाठी. तबला मीच वाजवणार म्हणून मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. रेकॉर्डिंगआधी यंत्र आठ ठोके देतं, चार-चार ठोक्यांचे दोन बार, आणि नवव्याला आपण सुरू करायचं. केरव्याचं एक आवर्तन. हे लहान मुलालाही जमतं. मी सातव्यालाच सुरू झालो. पुन्हा घेतलं, पुन्हा सातव्याला. चौथ्या वेळी गावणकरांनी हेडफोन काढून ठेवला.

"आठ ठोके निघायला नाहीत, बसायला आहेत," ते म्हणाले. "तुम्ही वाजवत नाही, बँकवाले. तुम्ही उरकता."

तोच तो शब्द. वीस वर्षं तबला वाजवणाऱ्या माणसाला हा शब्द ऐकवायला धाडस लागतं, आणि गावणकरांकडे ते भरपूर होतं. वर त्यांनी माझा ठेका यंत्राकडून दुरुस्त करून दाखवला. पुढेमागे पडलेला प्रत्येक ठोका यंत्र ओढून रेघेवर नेऊन ठेवतं. या सोयीला गावणकर इस्त्री म्हणत. इस्त्री केलेला ठेका मला माझ्यापेक्षा बरा वाटला आणि मी तसं बोलून गेलो. गावणकर म्हणाले, बँकेत चालेल. मी पंधरा दिवस त्यांच्याकडे फिरकलो नाही. मग एका रविवारी सकाळी आपणहून गेलो, आणि नंतर जातच राहिलो.

आंबिवलीजवळच्या एका गावातला रूपेश नावाचा इलेक्ट्रिशियन त्यांच्याकडे यायचा. वय तिशीचं, आवाज खणखणीत, आणि हळदीची गाणी स्वतः रचायचा. त्याला त्याचं नवं गाणं एकशेचाळीसच्या पुढे हवं होतं, कारण हल्ली सगळे तसंच करतात. गावणकरांनी त्याला पॅसेजमध्ये चालवलं नाही. तुमच्या गावात पुढची हळद कधी आहे ते विचारलं आणि त्या दिवशी मला घेऊन मांडवात हजर झाले. जेवणं झाली, स्पीकर दणाणायला लागले, गावणकर खुर्चीत बसून पोरांकडे ढुंकूनही न पाहता नवरीच्या आजीकडे बघत होते. म्हातारी उठली, पदर खोचला, आणि दोन हात वर करून दोन-तीन गाणी नाचली. गावणकर घड्याळ पाहत होते. परत येताना रिक्षात त्यांनी वही काढली आणि एकशेसोळा लिहिलं.

रूपेश वैतागला. "काका, याच्यावं पोरा नाय नाचनार," तो म्हणाला. गावणकरांनी ट्रॅक एकशेसोळावरच केला. पुढच्या लग्नसराईत ते गाणं कल्याणच्या पलीकडच्या पाच-सहा गावांत वाजलं, आणि रूपेश पेढे घेऊन आला. पोरं नाचलीच, पण आज्या उठल्या, आज्या उठल्यावर सुना उठल्या, आणि गाणं तीन-तीनदा लावावं लागलं, असं सांगत होता. गावणकरांनी एक पेढा घेतला आणि दुसरा सुलभाताईंसाठी बशीत काढून ठेवला.

सुलभाताई म्हणजे त्यांची पत्नी. महापालिकेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवायच्या. नवरा जितका मोजून बोलणारा तितक्या या मोकळ्या. रेकॉर्डिंग चालू असताना कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून त्यांनी रविवारी पोळीभाजीऐवजी उपमा करायला सुरुवात केली होती, आणि ते प्रत्येक येणाऱ्याला हसत सांगायच्या. कॉलनीतल्या सहा-सात बायकांचा गाण्याचा ग्रुप त्यांच्या घरी जमे. शाळा सुटताना मुलांना फाटकापर्यंत नेण्यासाठी त्यांनी स्वतः एक गाणं केलं होतं. या ग्रुपमध्येही शेवटी तेच व्हायचं.

घंटा झाली, पाटी पुसा,
ओळीत चाला, हळूच हसा.
पायरी आली, हात धरा,
शेवटचा येऊ दे, थांबा जरा.

अशी चार-पाच कडवी होती आणि शेवटच्या दोन ओळी प्रत्येक कडव्याला परत यायच्या.

निवृत्त झाल्यावर एका दुपारी त्या आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत हे गाणं म्हणत होत्या. गावणकर कीबोर्डवर काहीतरी तपासत होते. त्या अशा लहरीत होत्या की गावणकरांनी हात लांबवून माइक त्यांच्याकडे वळवला आणि रेकॉर्ड दाबलं. ना चालायला लावलं, ना टेम्पो लावला, ना टिकटिक. पडद्यावर एकशेवीस. मागे जुजबी स्वर धरत त्यांनी गाणं पूर्ण होऊ दिलं. जगाला बेवारस म्हणणाऱ्या माणसाच्या घरात एक बेवारस रेकॉर्डिंग झालं, आणि सुलभाताईंनी ही गोष्ट आम्हा सगळ्यांना इतक्यांदा ऐकवली की गावणकर ऐकून उठून गॅलरीत जायचे. पण त्यांनी ते पुसलं नाही.

त्यानंतर पाचेक वर्षांनी सुलभाताईंना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात गेला, पाय ओढत चालावं लागे, आणि बोलणं थांबलं. समोरच्याचं सगळं कळायचं. सांगायला मात्र एकच शब्द उरला होता, "हो". पाणी हवं असलं तरी हो, नको असलं तरी हो. इतकी बोलकी बाई त्या एका शब्दावर अडकलेली पाहणं अवघड होतं, आणि मी काही दिवस त्यांच्याकडे जायचं टाळलं हे मला कबूल केलं पाहिजे.

बोलायचा व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. तिने गावणकरांना सांगितलं की काही पेशंटना बोलता येत नाही पण ओळखीचं गाणं म्हणता येतं, गाण्यातून एखादा शब्द सुटतो, मग दुसरा. खात्री नाही. पण घरी रोज प्रयत्न करा, आणि घाई करू नका.

गावणकरांनी लगेच ग्रुपच्या बायकांना बोलावलं. बायका जिवाभावाच्या होत्या, पण उत्साहात गायच्या. सुलभाताई पहिल्या शब्दाला तोंड उघडायच्या, तो ओठांवर येईपर्यंत बायका दुसऱ्या ओळीवर गेलेल्या असायच्या. त्या तोंड मिटून घ्यायच्या. दोन-तीनदा असं झाल्यावर त्यांनी डाव्या हाताने चादर डोक्यावर ओढून घेतली.

तेव्हा गावणकरांना ते बेवारस रेकॉर्डिंग आठवलं. स्वतःच्या आवाजामागून ती चालेल, असं त्यांनी ठरवलं. त्यावर ढोलकी आणि टाळ बसवून ट्रॅक नीट करायचा होता, आणि रेघा तर कुठेच जुळत नव्हत्या. रूपेश भेटायला आला होता, तो म्हणाला की कॉम्प्युटरवर हे दहा मिनिटांचं काम आहे. खरंच करून घेऊन आला. सुलभाताईंचा प्रत्येक शब्द यंत्राच्या ठोक्यावर नेमका पडत होता. आम्ही तिघांनी ऐकलं. तिसऱ्या ओळीला गावणकरांनी ते बंद केलं.

"पोरं जिन्यावरून पडतील," ते म्हणाले.

मला कळलं नाही. मग त्यांनी मूळ रेकॉर्डिंग लावलं. "पायरी आली" म्हणताना सुलभाताई दर वेळी सावकाश होत होत्या आणि "थांबा जरा"नंतर खरंच थांबत होत्या. शाळेचा वर्ग पहिल्या मजल्यावर होता. सोळा पायऱ्या, चाळीस मुलं. गावणकर कधीकधी त्यांना आणायला जात तेव्हा फाटकाशी उभं राहून त्यांनी तो जिना पाहिला होता. रूपेश पेनड्राइव्ह काढून खिशात टाकून गेला.

मग गावणकरांनी उलटं काम सुरू केलं. आवाजाला यंत्राच्या चालीवर आणायचं सोडून यंत्रालाच आवाजाच्या चालीवर न्यायचं. प्रत्येक बारला वेगळा टेम्पो. पहिला बार अठ्ठ्याऐंशी, दुसरा नव्वद, पायरीच्या बारला एकदम बहात्तर, थांबण्याच्या जागी त्याहून कमी. असे चाळीसेक बार. मी हेडफोन लावून टेबलावर ठोका द्यायचो, ते आकडा घालायचे, परत ऐकायचे, एकाने वाढवायचे, एकाने कमी करायचे. दोन महिने आम्ही हे करत होतो. इतक्या दिवसांत त्यांनी मला एकदाही उरकता असं म्हटलं नाही, बहुधा ठोका माझा नसल्यामुळे असेल.

ट्रॅक झाला. फार सुरेख झाला होता. सुलभाताईंना खुर्चीत बसवून लावला. आपला आवाज ऐकून त्यांचे डोळे मोठे झाले. तोंड उघडलं. "घं" असं काहीतरी आलंही. आणि तो जुना आवाज पुढे निघून गेला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, तो आणखी पुढे गेला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी ट्रॅक सुरू होताच त्यांनी मान खिडकीकडे फिरवली.

गावणकरांनी कीबोर्ड बंद केला. मग मला म्हणाले, "मी पाच वर्षांपूर्वीच्या सुलभाचा टेम्पो घेतला, हो. आत्ताच्या सुलभाला चालायला लावलंच नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुलभाताईंना पॅसेजमध्ये चालवलं. ते दारात स्टुलावर, वही मांडीवर. एक पाऊल, काठी, ओढलेला पाय, मग उसंत, मग पुन्हा पाऊल. दोन पावलांमधलं अंतर प्रत्येक वेळी निराळं. सहा फेऱ्या झाल्या. सुलभाताई दमून खाटेवर बसल्या. मी वहीत डोकावलो. नाव लिहिलेलं होतं आणि पुढची जागा मोकळी होती.

त्या दुपारी त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे त्या ट्रॅकवरचा सुलभाताईंचा आवाज बंद केला. ज्या आवाजासाठी दोन महिने आकडे घातले तोच बटण दाबून गप्प केला, आणि चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. मला ते बघवलं नाही. मी पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी चाळीस बारांचे ते आकडे काढून टाकले. कीबोर्डावर टॅपचं एक बटण असतं. त्यावर बोटाने जसे ठोके द्याल तसा टेम्पो बदलतो. सुलभाताईंची खुर्ची कीबोर्डाच्या त्या टोकाला ओढली आणि त्यांचं डावं बोट त्या बटणावर ठेवलं.

आठ ठोके दिले नाहीत. ती ठोका देईल तेव्हा सुरू, असं ठरलं.

हे यंत्र ठोक्याच्या बरोबर चालत नाही, ठोका ऐकून मग चाल बदलतं, त्यामुळे ते त्यांच्या मागे मागे यायचं. त्यांचं बोट थांबलं की गावणकर पॉज दाबायचे, बोट हललं की सोडायचे. पहिले आठ-दहा दिवस नुसतं बोट आणि टाळ. मग गुणगुणणं आलं, शब्दांवाचून. मग गावणकरांनी बायकांना परत बोलावलं आणि बजावलं की ताल यंत्राचा नाही, माझा नाही, तिच्या बोटाकडे बघा.

त्या रविवारी मीही होतो. सात बायका दाटीवाटीने खाटेवर आणि जमिनीवर. सुलभाताईंनी ठोका दिला. "घंटा झाली" इतकं हळू मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. एक बाई सवयीने पुढे गेल्या, शेजारणीचं कोपर लागल्यावर मागे आल्या. पायरीच्या ओळीला बोट आणखी सावकाश झालं. "शेवटचा येऊ दे" बायकांनी म्हटलं आणि बोट थांबलं. गावणकरांनी पॉज दाबला. कुणीतरी पुढचे शब्द म्हणायला तोंड उघडलं, पण म्हटले नाहीत.

"थांबा जरा," सुलभाताई म्हणाल्या.

चाल होती, शब्द होते, थोडे जड पण पूर्ण. मला रडू आलं, ते लपवण्यात काही अर्थ नाही. बायका तर सगळ्याच रडत होत्या. गावणकरांचं बोट पॉजवरच होतं. ते काढायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. मग पुन्हा घेऊ म्हणाले.

पुढे फार चमत्कार झाला असं नाही. त्या गाण्यातले शब्द आले, मग इतर काही गाण्यांतले, आणि गाण्याबाहेरचे दहा-बारा. चहा. चष्मा. वसंत. वहीत त्यांच्या नावापुढे गावणकरांनी शेवटी काहीतरी लिहिलेलं मी नंतर पाहिलं. बाकी सगळ्यांपुढे आकडे होते, इथे लिहिलं होतं, "ती सांगेल."

दोन वर्षांनी कोल्हापूरला राहणाऱ्या त्यांच्या मुलीने दोघांना आपल्याकडे नेलं. गावणकर तिकडेच गेले, झोपेत. मुलीचा फोन आला तेव्हा मी शाखेत होतो आणि समोर रांग होती. आई कशी आहे विचारलं, तर म्हणाली, संध्याकाळी म्हणते गाणं.

मी दोघांना शेवटचं पाहिलं ते कोल्हापूरला निघायच्या आदल्या संध्याकाळी. सामान बांधून झालं होतं, कीबोर्ड रूपेश घेऊन गेला होता. कॉलनीच्या आतल्या रस्त्यावर दोघं फेरी मारत होते. मी गॅलरीतून हाक मारणार होतो. गावणकर मूळचे भरभर चालणारे, पण त्या वेळी त्यांचं पाऊल तिच्या काठीनंतर पडत होतं, ती थांबली की थांबत होतं. वॉचमनच्या केबिनपाशी दोन पायऱ्या आहेत. तिथे त्यांनी तिचा हात धरला. ते दिव्याखाली आले तेव्हा मी नीट पाहिलं. गावणकरांचे ओठ मिटलेले होते. हलत होते ते सुलभाताईंचे. मी हाक मारली नाही.